तालुक्याच्या सेवानिवृत्त शिक्षक संघटनेत प्रवेश करताना

महाराष्ट्रातल्या बहुतेक तालुक्यांत ३१ मे हा दिवस निरोप समारंभांचा असतो. त्याचे कारण शिक्षकांना चांगले ठाऊक आहे. पूर्वी शाळेत नाव घालताना अनेक पालकांना मुलाची जन्मतारीख सांगता येत नसे, तेव्हा गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी नियमानुसार आधीच्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. त्या मुलांपैकी जे पुढे स्वतः शिक्षक झाले, ते वयाची ५८ वर्षे पूर्ण करून ३१ मे रोजी शाल-श्रीफळ घेऊन घरी येतात.

पुढच्या काही दिवसांत कोणीतरी जुने सहकारी पावतीपुस्तक घेऊन दारात उभे राहतात आणि ‘आपल्या संघटनेचे सभासद व्हा’ असे सांगतात. नव्या निवृत्तांपैकी काहींना ही घाई वाटते, काहींना ते अनावश्यक वाटते. पेन्शन बँकेत जमा होणार, मोबाइलवर संदेश येणार, मग संघटना कशाला? हा प्रश्न रास्त आहे. कार्यालयाची भाषा जाणणारा शिक्षक स्वतःपुरते काम स्वतः करून घेऊ शकतो. परंतु निवृत्तीवेतनाचे प्रकरण त्याच्याबरोबर संपत नाही. ते त्याच्या पश्चात पत्नीकडे किंवा पतीकडे जाते, आणि त्या वेळी पंचायत समितीच्या पायऱ्या चढणारी व्यक्ती बहुधा सत्तरीतली, दुःखात असलेली आणि पीपीओ (पेन्शन देण्याचा अधिकृत आदेश) हा शब्द पहिल्यांदाच ऐकणारी असते. तालुक्याच्या संघटनेचे सर्वांत मोठे काम तेथे आहे. सभासद होण्यापासून कागद जमवण्यापर्यंत पुढे जे सुचवले आहे, ते हे ध्यानात ठेवूनच.

संघटना उभ्या राहिल्या त्या कशातून

संघटनेकडे काय मागावे हे कळण्यासाठी ती का निर्माण झाली हे थोडे पाहिले पाहिजे. १ मे १९६२ रोजी राज्यात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक शाळा व त्यांतील शिक्षक त्यांच्याकडे आले. त्याआधी पश्चिम महाराष्ट्रातील शिक्षक १९४७ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याखालील जिल्हा स्कूल बोर्डाचे नोकर होते, विदर्भात जनपद सभांच्या शाळा होत्या, तर मराठवाड्याला हैदराबाद संस्थानच्या शिक्षण खात्याचा वारसा होता. तीन वेगवेगळ्या व्यवस्थांतली माणसे एका छत्राखाली आली. त्यांची दप्तरे मात्र तितक्या सहजतेने एकत्र आली नाहीत. अशा शिक्षकांच्या निवृत्तीची वेळ आली तेव्हा आधीची सेवा एका कार्यालयात, नंतरची दुसऱ्यात आणि मधली कोठेच नाही, अशा अडचणी येणे स्वाभाविक होते.

कार्यरत शिक्षकांच्या संघटना त्या काळीही होत्या आणि आजही प्रबळ आहेत. पण त्यांच्या विषयपत्रिकेवर बदल्या, सेवाज्येष्ठता यादी, पदोन्नती, अशैक्षणिक कामे हे विषय आधी येतात. निवृत्तांचा प्रश्न शेवटच्या ‘आयत्या वेळचे विषय’ या कलमात सरकतो. त्यांना दोष देण्याचे कारण नाही, कारण वर्गणी कार्यरत शिक्षक देतात. निवृत्तांनी वेगळी बैठक भरवावी असे वाटू लागले त्यात हेही एक कारण होते. दुसरे कारण अगदी साधे होते. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकांचे निवृत्तीवेतन पंचायत समितीमार्फत अदा होते. चौकशीसाठी, दाखल्यासाठी, फरकाच्या बिलासाठी सगळे एकाच व्हरांड्यात येत, आणि जेथे दहा निवृत्त गुरुजी एकत्र येतात तेथे अध्यक्ष, सचिव आणि इतिवृत्ताची वही तयार व्हायला फार वेळ लागत नाही.

१९८२ हे वर्ष दोन कारणांनी लक्षात ठेवावे. त्या वर्षी १५ ऑगस्टपासून महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ लागू झाले. आज आपले प्रकरण ज्या नियमांच्या आधारे तपासले जाते ते हेच. आणि १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डी. एस. नकारा विरुद्ध भारत सरकार या खटल्यात निकाल दिला. ३१ मार्च १९७९ या तारखेच्या अलीकडचे आणि पलीकडचे असे पेन्शनरांचे दोन वर्ग पाडून एकाला सुधारित सूत्र देणे आणि दुसऱ्याला नाकारणे समानतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे, असे न्यायालयाने ठरवले. निवृत्तीवेतन ही मालकाच्या मर्जीवर अवलंबून असलेली बक्षिसी नाही, हे तत्त्व न्यायालयाने याआधीही मांडले होते. नकारा निकालाने ते घराघरांत पोहोचवले. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींचे ते घटनापीठ होते. नव्या सभासदाने त्या खटल्यातली आणखी एक गोष्ट पाहावी: तिसरा अर्जदार ही व्यक्ती नव्हती, ती एक नोंदणीकृत संस्था होती. स्वतः न्यायालयात जाऊ न शकणाऱ्या असंख्य वृद्धांच्या वतीने संस्था दाद मागू शकते, हे तेथे मान्य झाले. अनेक संघटना १७ डिसेंबरला ‘पेन्शनर दिन’ पाळतात तो यामुळे. आपल्या तालुक्यातही त्या दिवशी कार्यक्रम होत असेल, तर नव्याने ओळखी करून घेण्यास तो चांगला दिवस आहे.

यानंतर प्रत्येक वेतन आयोगाने संघटनांना नवे काम दिले. १९८६, १९९६, २००६ आणि २०१६ च्या १ जानेवारीपासून वेतनश्रेण्या सुधारल्या, तशी जुन्या निवृत्तांची पेन्शनही नव्याने निश्चित करावी लागली. सातव्या आयोगाची अंमलबजावणी राज्यात २०१९ मध्ये सुरू झाली आणि मागील तीन वर्षांचा फरक पाच हप्त्यांत देण्याचे ठरले. कोणाचा कितवा हप्ता जमा झाला, कोणाचा राहिला, मधल्या काळात निधन पावलेल्या सभासदाच्या वारसाला काय मिळायचे, याचा हिशेब तालुक्यातल्या शेकडो प्रकरणांत ठेवणे ही एकट्यादुकट्याच्या आवाक्यातली गोष्ट नव्हती.

आधी आपला रस्ता ओळखा

‘शिक्षक’ या एका शब्दाखाली निवृत्तीवेतनाचे वेगवेगळे मार्ग आहेत, आणि नवखे सभासद येथेच गोंधळतात. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकाचे प्रकरण मुख्याध्यापक, गटशिक्षणाधिकारी, जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग आणि वित्त विभाग असा प्रवास करते, आणि पीपीओ जिल्हा परिषदेतून निघतो. खाजगी अनुदानित माध्यमिक शाळेतील शिक्षकाचे प्रकरण शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्या कार्यालयाच्या वाटेने महालेखापालांकडे जाते. विदर्भ-मराठवाड्यासाठी ते नागपूरला आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी मुंबईला. आणि पेन्शन कोषागारातून मिळते. म्हणून माध्यमिकच्या सरांनी दिलेला सल्ला प्राथमिकच्या बाईंना जसाच्या तसा उपयोगी पडेलच असे नाही. काही तालुक्यांत दोघांची एकच संघटना असते, काही ठिकाणी वेगळ्या असतात. आपल्या मार्गाने गेलेली माणसे जेथे अधिक आहेत तेथे सभासद व्हावे.

१ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर नियुक्त झालेल्यांचा मार्ग आणखी निराळा आहे. त्यांना सर्वसाधारणपणे १९८२ चे नियम लागू नाहीत. त्यांचे निवृत्तीवेतन अंशदानाच्या, म्हणजे कर्मचारी व शासन दोघेही पैसे भरतात अशा योजनेतून ठरते. अशा निवृत्तांची संख्या येत्या काळात वाढत जाणार आहे आणि संघटनांनी त्यांच्यासाठी आतापासून स्वतंत्र माहिती जमवली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. पुष्कळ संघटनांना हे अजून उमगलेले नाही. त्यांच्या सभांत ‘आपली जुनी पेन्शन’ हे शब्द इतक्या सहज येतात की नव्या योजनेतला सभासद मागच्या रांगेत गप्प बसून राहतो.

वर्गणी देण्यापूर्वी तीन कागद पाहावेत

पावतीपुस्तक समोर आले म्हणून लगेच पैसे देऊ नयेत आणि लगेच नाहीही म्हणू नये. सचिवांना विनयाने तीन गोष्टी दाखवण्यास सांगावे: नोंदणी प्रमाणपत्र, मागील वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल आणि शेवटच्या सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त. जी संघटना नीट चालते तिच्या सचिवाला या मागणीचा राग येत नाही. उलट तो खूश होऊन तीन वर्षांचे अहवाल काढून दाखवतो.

इतिवृत्त मात्र बारकाईने वाचावे. सत्कार, पुष्पगुच्छ, प्रमुख पाहुणे आणि आभारप्रदर्शन यांनीच पाने भरली असतील, तर ती संघटना म्हणजे स्नेहमेळावा आहे. तेथे जाण्यात आनंद आहे, पण प्रकरण अडले तर उपयोग थोडा. याउलट ‘अमुक सभासदाच्या कुटुंब निवृत्तीवेतनाबाबत अमुक दिनांकास अर्ज दिला, पोहोच घेतली, त्रुटी अमुक, पूर्तता केली’ अशा कोरड्या नोंदी असतील, तर तेथे नि:शंक सभासद व्हावे. (शिक्षकांच्या सभेतले इतिवृत्त वाचन हा स्वतंत्र अनुभव आहे. मजकुरावर कोणाचा आक्षेप नसतो, पण ऱ्हस्व-दीर्घावर पंधरा मिनिटे जातात. नवख्याने पहिल्या सभेत या चर्चेत भाग घेऊ नये.)

सभासद अर्ज भरताना

अर्ज साधा असतो: नाव, जन्मतारीख, नेमणुकीची व निवृत्तीची तारीख, शेवटची शाळा, शेवटचे मूळ वेतन, पीपीओ क्रमांक, बँक खाते, पत्ता. वार्षिक वर्गणीपेक्षा आजीव वर्गणी भरणे सोयीचे, कारण दरवर्षी कोणाला आठवण करून द्यावी लागत नाही. पावती घ्यावी आणि ती जपून ठेवावी.

या अर्जात बहुतेक जण जो रकाना घाईने भरतात तो जोडीदाराच्या नावाचा. तेथे ‘सौ.’ लिहून घरातले हाकेचे नाव टाकले जाते. सेवापुस्तकात लग्नानंतरचे एक नाव, आधार कार्डावर दुसरे, बँकेत तिसरे आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचे चौथे, असे चार नावांचे एकच माणूस तालुक्याच्या प्रत्येक गावात आहे. ही विसंगती सभासद हयात असताना एका दुरुस्ती अर्जाने किंवा राजपत्रातील नावबदलाच्या प्रसिद्धीने मिटते. तो गेल्यानंतर तिच्यापायी महिने जातात. म्हणून संघटनेचा अर्ज भरण्याच्या निमित्ताने जोडीदाराच्या सर्व कागदांवरील नाव, जन्मतारीख आणि अक्षरन् अक्षर जुळते का हे त्याच दिवशी टेबलावर कागद पसरून पाहावे. जुळत नसेल तर संघटनेच्या कार्यालयात पहिले काम हेच घेऊन जावे.

पेन्शन केस आणि संघटनेची मदत

नियमांप्रमाणे निवृत्तीवेतन प्रकरणाची तयारी निवृत्तीच्या दोन वर्षे आधीपासून व्हायला हवी. प्रत्यक्षात पुष्कळदा ती शेवटच्या सहा महिन्यांत जोर धरते. प्रकरण अडते ते बहुधा सेवापुस्तकात: एखाद्या रजेची नोंद नाही, बदलीनंतर रुजू झाल्याची तारीख खाडाखोड केलेली, बारा वर्षांनंतरच्या, चट्टोपाध्याय आयोगाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वरिष्ठ वेतनश्रेणीचा किंवा चोवीस वर्षांनंतरच्या निवड श्रेणीचा आदेश लावलेला नाही, वेतननिश्चितीची पडताळणी राहिलेली. अशा वेळी कार्यालय ‘त्रुटी’ काढते. त्रुटीचे पत्र मिळाले की घाबरून जाऊ नये. त्या पत्राची प्रत घेऊन संघटनेच्या जाणकार सभासदाकडे जावे, कारण तशाच त्रुटीची पूर्तता त्याने पूर्वी केलेली असते आणि कोणता आदेश कोणत्या वर्षीच्या फाइलमध्ये सापडतो हे त्याला माहीत असते. संघटनेकडे असलेली शासन निर्णयांची फाइल हे तिचे खरे भांडवल आहे. बँकेतल्या शिल्लक रकमेपेक्षा मी त्या फाइलला अधिक किंमत देतो.

प्रकरण अंतिम होण्यास वेळ लागणार असेल तर तात्पुरत्या निवृत्तीवेतनाची तरतूद नियमांत आहे. ते आपोआप सुरू होत नसेल तर लेखी मागावे. अंशराशीकरण, म्हणजे बोलीभाषेतले कम्युटेशन, घ्यायचे असेल तर निवृत्तीनंतर एक वर्षाच्या आत अर्ज करावा. त्यानंतर अर्ज केल्यास वैद्यकीय तपासणीला जावे लागते. पेन्शनच्या जास्तीत जास्त ४० टक्के भाग असा एकरकमी घेता येतो आणि वजा झालेला भाग १५ वर्षांनी पुन्हा सुरू होतो. ती पंधरा वर्षे कधी पूर्ण होतात याकडे स्वतः लक्ष ठेवावे लागते. जागरूक संघटना अशा सभासदांची तारीखवार यादी करून दर महिन्याला कार्यालयाला पत्र देतात. वयाची ८० वर्षे पूर्ण झाल्यावर मिळणाऱ्या वाढीव पेन्शनचेही तसेच आहे.

१ जूनच्या जन्मतारखेचा उल्लेख सुरुवातीला केला, त्याची एक कडू बाजू येथे सांगतो. वार्षिक वेतनवाढीची तारीख १ जुलै असताना ३० जूनला निवृत्त होणाऱ्याने पूर्ण वर्षभर काम करूनही त्याला ती वेतनवाढ मिळत नसे. सर्वोच्च न्यायालयाने ११ एप्रिल २०२३ रोजी कर्नाटकातील वीज पारेषण महामंडळाच्या प्रकरणात कर्मचाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला आणि त्यानंतर महाराष्ट्रातही ३० जूनला निवृत्त झालेल्यांना काल्पनिक वेतनवाढ देऊन पेन्शन निश्चित करण्याचा मार्ग खुला झाला. ३० जूनला निवृत्त झालेल्या सभासदाने आपले प्रकरण या दृष्टीने अवश्य तपासून घ्यावे. ३१ मेवाल्यांना मात्र यात काही नाही. शाळेत नाव घालताना त्या गुरुजींनी १ जूनऐवजी २ जून लिहिले असते, तर निवृत्ती ३० जूनला आली असती आणि गोष्ट वेगळी झाली असती.

वसुलीचे पत्र आले तर

निवृत्तीच्या तोंडावर सर्वांत जास्त धास्ती असते ती वसुलीची. वीस वर्षांपूर्वी वेतननिश्चितीत चूक झाली, तेव्हापासून जादा रक्कम दिली गेली, ती उपदानातून (ग्रॅच्युइटीतून) कापून घ्यावी, असा आदेश निघतो आणि ग्रॅच्युइटीचा आकडा निम्म्यावर येतो. अशा वेळी पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसिह या प्रकरणातील १८ डिसेंबर २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल माहीत असावा. गट क आणि गट ड मधील कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात निवृत्त होणारे कर्मचारी, आणि पाच वर्षांहून अधिक काळ जादा वेतन दिले गेले आहे अशी प्रकरणे यांत वसुली करता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे. प्राथमिक शिक्षक गट क मध्ये येतात.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे, कारण समाजमाध्यमांवर या निकालाचा अर्धाच भाग फिरतो. २०१६ मध्ये जगदेव सिंग यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने असे सांगितले की जादा रक्कम परत करण्याचे हमीपत्र कर्मचाऱ्याने आधी दिले असेल तर तो त्याला बांधील आहे. प्रत्येक वेतन आयोगाच्या वेळी आपण अशा हमीपत्रावर सही केलेली असते. सही करताना ते कोणी वाचलेले नसते ही गोष्ट निराळी. जगदेव सिंग हे न्यायिक अधिकारी होते, त्यामुळे गट क च्या शिक्षकाला तो निकाल कितपत लागू व्हावा यावर वाद होऊ शकतो. म्हणून व्हॉट्सअॅपवर आलेला कागद घेऊन कार्यालयात भांडायला जाऊ नये. आदेशाची प्रत, सेवापुस्तकातील संबंधित पाने आणि आपले हमीपत्र घेऊन संघटनेकडे जावे, तशाच आदेशाचे इतर सभासद कोण आहेत हे पाहावे, आणि वकिलाचा सल्ला एकत्रितपणे घ्यावा. दहा जणांनी वाटून घेतलेला खर्च एकट्याला पेलणारा असतो.

अर्ज लिहिण्याची रीत

शिक्षकाला अर्ज लिहायला शिकवणे म्हणजे कुंभाराला माती ओळखायला सांगण्यासारखे आहे, तरीही दोन दोष पुन्हा पुन्हा दिसतात. एक, एकाच अर्जात पेन्शनचा फरक, गटविमा आणि वैद्यकीय बिल असे तीन विषय येतात; त्या तिन्हींची टेबले वेगळी असल्याने अर्ज पहिल्या टेबलावरच राहतो. दोन, अर्जात आयुष्यभराच्या सेवेचे वर्णन येते आणि नेमकी मागणी शेवटच्या ओळीत लपते. एक विषय, एक मागणी, पीपीओ क्रमांक, संबंधित शासन निर्णयाचा दिनांक, सोबतच्या कागदांची यादी, एवढेच पुरते. अर्ज आवक टपालात द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, दिनांक व आवक क्रमांक घ्यावा. तोंडी आश्वासनाला आवक क्रमांक नसतो.

महिनाभरात उत्तर आले नाही तर संघटनेमार्फत स्मरणपत्र द्यावे, आणि पेन्शन अदालत, म्हणजे पेन्शनच्या तक्रारी ऐकणारी अधिकाऱ्यांची बैठक, भरत असेल तर तेथे प्रकरण ठेवावे. त्यानंतरही हालचाल नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. दहा रुपयांचे शुल्क, एकच विषय, आणि महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे दीडशे शब्दांची मर्यादा. उत्तरासाठी ३० दिवस. मात्र हे हत्यार शेवटी उपसावे. पेन्शनच्या टेबलावरचा लिपिक एका वेळी कित्येक प्रकरणे हाताळत असतो, अनेकदा तो आपलाच विद्यार्थी निघतो, आणि नीट लावलेली, क्रमांक घातलेली कागदपत्रे त्याच्यापुढे ठेवली तर निम्मे काम तेथेच होते.

कुटुंब निवृत्तीवेतन: येथे घाई नको, दिरंगाईही नको

सभासदाचे निधन झाल्यावर संघटनेचे दोघे-तिघे भेटायला जातात. दहाव्या-तेराव्यापूर्वी कागदांचा विषय काढणे योग्य नव्हे, पण दोन गोष्टी त्याच भेटीत घरातल्या कर्त्या माणसाला सांगाव्या लागतात. पहिली, मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत सेवापुस्तकातील नावाप्रमाणेच करावी. ‘नाना’, ‘अप्पा’ ही नावे तेथे चालत नाहीत. दुसरी, निधनाची माहिती बँकेला आणि पंचायत समितीला कळवावी आणि खात्यातील पेन्शन एटीएममधून काढत राहू नये. निधनानंतर जमा झालेली पेन्शन परत करावी लागते, आणि मुलाने अजाणतेपणी काढलेली रक्कम पुढे आईच्या पेन्शनमधून कापली जाते. हे प्रसंग तालुक्यात दरवर्षी घडतात.

पुढचा अर्ज जोडीदाराच्या नावाने होतो. मृत्यूचा दाखला, मूळ पीपीओ, आधार, पॅन, बँक पासबुक, छायाचित्रे आणि ओळख पटवणाऱ्या दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. पीपीओवर पती-पत्नीचे संयुक्त छायाचित्र असेल आणि जोडीदाराचे नाव नोंदलेले असेल तर काम सुकर होते. सुरुवातीचा काही काळ कुटुंब निवृत्तीवेतन वाढीव दराने मिळू शकते, नंतर ते मूळ वेतनाच्या ३० टक्के या सर्वसाधारण दराने मिळते. दर बदलण्याची तारीख पीपीओवर लिहिलेली असते आणि त्या महिन्यात रक्कम अचानक कमी झाली म्हणून वृद्ध बाई घाबरून जातात. आधी सांगून ठेवले तर घाबरण्याचे कारण उरत नाही.

एक गैरसमज मुळातून काढला पाहिजे. भविष्य निर्वाह निधी आणि उपदान यांना नामनिर्देशन असते, म्हणजे आपण ज्याचे नाव लिहितो त्याला रक्कम मिळते. कुटुंब निवृत्तीवेतन तसे नाही. ते कोणाला मिळावे हे नियम ठरवतात, मृत्युपत्र नव्हे. घरात दिव्यांग अपत्य असेल तर त्याच्या आयुष्यभराचा आधार या पेन्शनमध्ये आहे, परंतु त्यासाठी त्याची नोंद आणि वैद्यकीय प्रमाणपत्र सभासदाने स्वतः हयात असताना कार्यालयात देऊन ठेवणे फार महत्त्वाचे असते. या नोंदीबाबत संकोच बाळगून थांबलेले सहकारी मी पाहिले आहेत आणि नंतरची धावपळही पाहिली आहे.

निधन झालेल्या सभासदाच्या जोडीदाराला संघटनेत सभासद करून घेतात का, हे नव्या सभासदाने विचारावेच. नियमावलीत तशी तरतूद नसेल तर पुढच्या सर्वसाधारण सभेत ठराव मांडावा. नवखा सभासद संघटनेसाठी करू शकेल असे याहून मोठे काम मला दिसत नाही.

नोव्हेंबर

दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यावा लागतो. बँकेतील यादीवर सही करून तो देता येतो, किंवा २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘जीवन प्रमाण’ या सुविधेद्वारे बोटांच्या ठशाने किंवा चेहऱ्याच्या ओळखीने देता येतो. वयोमानाने ठसे उमटत नाहीत ही तक्रार खडू धरलेल्या हातांच्या बाबतीत जरा जास्तच ऐकू येते. जिल्हा परिषदेच्या पेन्शनरांनी आपल्या पंचायत समितीत कोणती पद्धत चालते ते संघटनेकडून आधी विचारून घ्यावे. अंथरुणाला खिळलेल्या सभासदांची यादी करून त्यांच्या घरी जाणे हे संघटनेचे या महिन्यातले काम, आणि नव्याने निवृत्त झालेले, दुचाकी चालवणारे सभासद येथे सर्वाधिक उपयोगी पडतात. वर्गणीबरोबर ही सेवाही देण्याची तयारी ठेवावी. ‘हयातीच्या दाखल्यासाठी ओटीपी सांगा’ असे दूरध्वनी याच काळात येतात. कोषागार, पंचायत समिती किंवा बँक फोनवर ओटीपी मागत नाही, एवढे प्रत्येक घरी सांगून यावे.

इतर कामे, आणि पदाची जबाबदारी

पेन्शनखेरीज संघटना पंचाहत्तरी गाठलेल्यांचे सत्कार करतात, ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीनिमित्त शाळांत कार्यक्रम घेतात, गरजू मुलांना वह्या देतात, सहली काढतात. ज्याला जे आवडेल ते त्याने करावे.

वर्षा-दोन वर्षांत कोणीतरी आपले नाव सहसचिव किंवा खजिनदार पदासाठी सुचवेल. पद घेतले तर कार्यकारिणीतील बदलाचा अर्ज ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात जातो की नाही हे पाहावे. हा अर्ज राहिल्याने कागदोपत्री अजून दिवंगत अध्यक्षच काम पाहत आहेत, अशा संस्था राज्यात कमी नाहीत. पुढे बँकेत सह्या बदलायच्या वेळी हे उघडकीस येते.

आपल्या तालुक्यात संघटनाच नसेल तर ती काढणे अवघड नाही. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० प्रमाणे किमान सात व्यक्ती लागतात. संस्थेचे विधान आणि नियमावली तयार करून सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करावा लागतो, आणि तेथे सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणूनही नोंद होते. मात्र नोंदणीच्या आधी सहा महिने नुसतेच जमावे: दर महिन्याची एक तारीख, एक ठरलेली जागा, एक वही. त्या वहीत तालुक्यातील निवृत्त शिक्षकांची गाववार यादी आणि प्रत्येकाच्या नावापुढे जोडीदाराचे नाव लिहायला सुरुवात करावी. सहा महिन्यांनी वही भरत असेल तर नोंदणीला जावे.

घरातली फाइल

सभासदत्वाच्या पावतीबरोबर एक फाइल घरी करावी. तिच्यात पीपीओची प्रत, अंशराशीकरणाचा आदेश, सेवापुस्तकाची छायाप्रत, दोघांचे आधार व पॅन, विवाहाचा पुरावा, संयुक्त छायाचित्राच्या चार प्रती आणि नावदुरुस्तीचे कागद असावेत. याखेरीज एक वेगळे पान मोठ्या अक्षरांत लिहावे: पीपीओ क्रमांक, बँकेची शाखा, पंचायत समितीतील पेन्शनचे टेबल, आणि संघटनेच्या अध्यक्ष व सचिवांचे दूरध्वनी क्रमांक. हे पान जोडीदाराला स्वतःच्या हाताने लिहायला सांगावे म्हणजे ते वाचताना अडत नाही. आणि लिहून झाल्यावर ते फाइलमध्ये न घालता कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवावे.